विश्लेषण : ‘या’ म्हणजे काय, हे टीपेत कसे सांगायचे? पाथरीच्या सूर्यदासांचे पाचशे वर्षांपूर्वीचे काम

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे नाव अलीकडे बातम्यांत आले ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. याच गावाची आणखी एक ओळख गणिताच्या इतिहासात नोंदलेली आहे. सोळाव्या शतकात इथे सूर्यदास नावाचे गणिती होऊन गेले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ आणि ‘लीलावती’ या दोन्ही ग्रंथांवर त्यांनी टीका, म्हणजे सविस्तर स्पष्टीकरण लिहिले. ज्या राशीची किंमत अजून ठरलेली नाही, तिच्याबद्दल वाचकाचा गोंधळ न होता कसे लिहायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज पुण्यात किंवा बेंगळूरुत संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्या कोडवर टीप लिहिताना जवळजवळ हाच प्रश्न पडतो. सूर्यदास कोण होते, त्यांनी काय केले आणि ते आज का समजून घ्यायचे?

पार्थपूर म्हणजे कोणते गाव?

जुन्या संस्कृत ग्रंथांत गोदावरीकाठच्या ‘पार्थपूर’ या गावाचा उल्लेख येतो. ते आजचे पाथरी. देवगिरीच्या यादवांच्या काळापासून इथे विद्वानांची घराणी नांदत होती. सूर्यदासांच्या घराण्याच्या वंशवर्णनात राम नावाच्या एका पूर्वजाला देवगिरीचा राजा रामचंद्र याने मान दिल्याचा उल्लेख आहे.

सूर्यदासांचा जन्म १५०७-०८ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील ज्ञानराज हे नावाजलेले ज्योतिर्विद होते. त्यांचा ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ १५०३ चा, म्हणजे सूर्यदासांच्या जन्माच्या चारपाच वर्षे आधीचा. ग्रहांची गती, ग्रहणे, पृथ्वीचा गोल हे त्याचे विषय. सूर्यदासांचे बंधू चिंतामणी यांनी पुढे वडिलांच्या या ग्रंथावर टीका लिहिली. ज्ञानराजांचे शिष्य ढुंढिराज यांचा ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा ग्रंथ आजही छापला जातो. थोडक्यात, पाथरीत त्या काळी गणित आणि ज्योतिष शिकवणारी, लिहिणारी आणि नकलून पुढे देणारी एक परंपराच होती.

वडील एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला?

अगदी तसे नाही, पण मतभेदाला जागा होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पृथ्वी कशावर टेकलेली आहे, या प्रश्नावर भास्कराचार्यांचे उत्तर होते की ती आपल्याच शक्तीने आकाशात आहे, तिला आधार लागत नाही. ज्ञानराजांना पुराणांतील कल्पना आणि ज्योतिषशास्त्र यांचा मेळ घालायचा होता. त्यामुळे या मुद्द्यावर त्यांनी भास्कराचार्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला.

अशा घरात वाढलेल्या सूर्यदासांनी टीकेसाठी निवडले ते भास्कराचार्यांचेच ग्रंथ. यात बंडखोरी शोधण्याचे कारण नाही. काही मुद्दे पटले नाहीत तरी ग्रंथ नीट समजावून सांगणे हे वेगळे काम आहे, ही जाण त्या परंपरेत होती.

काळ कसा होता?

अशांत. बहमनी राज्य मोडून दख्खनमध्ये नव्या शाह्या उभ्या राहिल्या होत्या. अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ज्या गावांवरून लढाया झाल्या, त्यांत पाथरी प्रमुख होते. फिरिश्ता या इतिहासकाराने निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी कुटुंबाशी जोडले आहे. निजामशहांना पाथरी हवी होती, त्यामागे हा धागाही होता. सूर्यदासांच्या बालपणी आणि तरुणपणी गावावरचा अंमल बदलत राहिला. ज्या वर्षांत गावाचा धनी कोण हेच ठरत नव्हते, त्या वर्षांत या घरात न ठरलेल्या राशींचा हिशेब शिकवला जात होता.

बीजगणितातील नेमकी अडचण कोणती?

‘लीलावती’त व्यक्त गणित आहे. तिथे आकडे हाताशी असतात. ‘बीजगणित’ हे अव्यक्त गणित. तिथे उत्तर माहीत नसतानाच हिशेब सुरू करायचा असतो. त्यासाठी भारतीय गणितींनी न ठरलेल्या राशींना नावे दिली. पहिली राशी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. पुढच्या राशींना रंगांची नावे : कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे तांबडा. मांडणीत पूर्ण नाव न लिहिता पहिले अक्षर लिहीत : या, का, नी, पी. माहीत असलेल्या संख्येसाठी ‘रूप’, म्हणून ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

भास्कराचार्यांचे एक उदाहरण असे. एकाकडे रोख ३०० आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० चे कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची मालमत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? मांडणी अशी : वरच्या ओळीत ‘या ६ रू ३००’, खालच्या ओळीत ‘या १० रू १००’ आणि या १०० वर टिंब. दोन्ही ओळी समान. वजाबाकी केली की एका बाजूला ‘या ४’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रू ४००’ उरते. घोड्याची किंमत १००, प्रत्येकाची मालमत्ता ९००.

आता अडचण पाहा. ‘या’ आणि ‘का’ ही अक्षरे संस्कृतात स्वतंत्र शब्दही आहेत. ‘या’ म्हणजे जी, ‘का’ म्हणजे कोण (स्त्रीलिंगी). मराठीतही ‘या’ आणि ‘का’ हे रोजचे शब्द. हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये आजच्यासारखी मोकळी जागा सोडत नसत, अवतरणचिन्हेही नव्हती. मग गणितावर गद्य लिहिताना ‘या’ हे अक्षर राशीचे आहे की वाक्यातले, हे वाचकाने कसे ओळखायचे? मांडणीत सोयीची असलेली खूण वाक्यात आली की वाक्याच्या भाषेला अडखळते.

मग टीकाकार काय करत?

टीकेच्या परंपरेत यासाठी ठरलेल्या रीती होत्या. सूर्यदास याच परंपरेचे.

पहिली रीत ‘प्रतीक’. ज्या श्लोकाचे स्पष्टीकरण द्यायचे, त्याचे सुरुवातीचे एकदोन शब्द लिहायचे आणि मग स्पष्टीकरण सुरू करायचे. वाचक त्या शब्दांवरून मूळ ग्रंथातील जागा गाठतो. आज मोबाइलवर दुव्याला बोट लावून आपण दुसऱ्या पानावर जातो, तेच हे काम.

दुसरी रीत ‘इति’ या शब्दाची. एखादा शब्द अर्थासाठी न वापरता केवळ शब्द म्हणून उल्लेखायचा असेल, तर त्याच्यापुढे ‘इति’ ठेवायचे. अवतरणचिन्हाचे काम हा शब्द करी.

तिसरी रीत, मांडणीत आद्याक्षर पण वाक्यात पूर्ण नाव. आकडेमोडीच्या ओळीत ‘या’, पण समजावून सांगताना ‘यावत्तावत्’. पूर्ण नावाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, ते वाक्यात नीट बसते आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

सूर्यदासांची ‘बीजगणिता’वरची टीका ‘सूर्यप्रकाश’ १५३८ ची, म्हणजे शके १४६० ची. तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. नावात स्वतःच्या नावावरचा श्लेष उघड आहे. तीन वर्षांनी, १५४१ मध्ये, ‘लीलावती’वरची ‘गणितामृतकूपिका’ आली. नावाचा अर्थ, गणितरूपी अमृताची कुपी. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची ‘लीलावती’वरची प्रसिद्ध टीका ‘बुद्धिविलासिनी’ १५४५ ची, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. महाराष्ट्रातील दोन गावांत, जवळजवळ एकाच वेळी, एकाच ग्रंथावर दोन स्वतंत्र टीका तयार झाल्या.

‘जाती’ हा शब्द इथे का महत्त्वाचा?

भास्कराचार्यांच्या बीजगणितातला एक मूलभूत नियम असा की समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी होते. जाती वेगळी असेल तर राशी शेजारी शेजारी ठेवायच्या, एकत्र करायच्या नाहीत. ‘या ३’ आणि ‘या २’ मिळून ‘या ५’ होतात. ‘या ३’ आणि ‘का २’ मात्र तसेच राहतात. दोन वेगळ्या वर्णांचा गुणाकार केला तर तयार होणाऱ्या राशीला ‘भावित’ म्हणतात. ती आणखी एक वेगळी जाती. ‘या’ला ‘या’ने गुणले की वर्ग, तीही वेगळी जाती.

हा नियम कोणत्याही एका घोड्याच्या किमतीबद्दल नाही. घोडे असोत, मोती असोत की धान्याची मापे असोत, तो सगळीकडे लागू आहे. म्हणूनच तो समजावणे अवघड. उदाहरण दिले नाही तर विद्यार्थ्याला काही कळत नाही. फक्त उदाहरणच दिले तर त्याला वाटते, नियम घोड्यांपुरताच आहे. टीकाकाराला दोन्ही सांभाळावे लागते : नियम मोकळा ठेवायचा आणि उदाहरण पक्के द्यायचे.

याचा संगणकाच्या कोडशी काय संबंध?

आजच्या अनेक प्रोग्रामिंग भाषांत ‘जेनेरिक’ प्रकार असतात. समजा, प्रोग्रामरला यादी ठेवणारे एक साधन लिहायचे आहे. यादीत गावांची नावे असतील की पावसाचे आकडे, हे वापरणारा ठरवणार. दोन्हींसाठी वेगळे कोड लिहिण्याऐवजी तो लिहितो : ‘टी’ या प्रकाराची यादी. ‘टी’ म्हणजे नंतर ठरेल तो प्रकार. जावा भाषेत ही सोय २००४ मध्ये आली, सी-शार्पमध्ये २००५ मध्ये.

एकदा ‘टी’ म्हणजे आकडे असे ठरले, की त्या यादीत गावाचे नाव घालता येत नाही. संगणक तिथेच चूक दाखवतो. वेगळ्या जाती मिसळू देत नाही.

कोड लिहिणारा सोबत टीपही लिहितो. हे साधन काय करते, ‘टी’च्या जागी काय चालेल, दुसरे कोणते साधन पाहावे, हे त्या टीपेत असते. टीप माणूस वाचतो आणि संगणकही वाचतो, कारण तिच्यावरून माहितीची पाने आपोआप तयार होतात. इथेच जुनी अडचण नव्या रूपात उभी राहते. कोडमध्ये ‘टी’ हे टोकदार कंसात लिहितात. सी-शार्पमध्ये टीपेची स्वतःची भाषा वेगळी असते आणि तिच्यात टोकदार कंस म्हणजे नव्या खुणेची सुरुवात. कोडमधला शब्द जसाच्या तसा टीपेत टाकला की संगणक त्याचा भलताच अर्थ लावतो.

त्यावरचा उपाय साधा आहे. सी-शार्पच्या टीपेत दुव्याच्या जागी टोकदार कंसांऐवजी महिरपी कंस वापरतात. ‘टी’चे वर्णन करण्यासाठी एक वेगळी खूण आहे आणि वाक्याच्या मध्ये ‘टी’चा उल्लेख करण्यासाठी दुसरी. जावातही टीपेमध्ये ‘टी’चे वर्णन वेगळ्या ओळीत देण्याची सोय आहे. दुव्यात दिलेले नाव अस्तित्वातच नसेल, तर टीपा तपासायला सांगितलेला संगणक इशारा देतो.

आणखी एक बारकावा. सी-शार्पच्या टीपेतील दुवा ‘टी’ची यादी या मोकळ्या प्रकाराकडे जातो. महिरपी कंसातले अक्षर हे न ठरलेल्या प्रकाराचेच नाव मानले जाते. आकड्यांची यादी असे ठोस काही सांगायचे असेल, तर दुवा मोकळ्या प्रकाराचा द्यायचा आणि आकडे हा शब्द शेजारच्या वाक्यात लिहायचा. नियमाचा उल्लेख एकीकडे, उदाहरण दुसरीकडे. पाथरीच्या टीकाकाराची शिस्त हीच होती.

म्हणजे संगणकाचा शोध पाथरीत लागला?

नाही. असा दावा करणे म्हणजे सूर्यदासांचे खरे काम झाकणे होय. ‘या’ ही न कळलेली संख्या आहे आणि ‘टी’ हा न ठरलेला प्रकार आहे. दोन्ही एक नव्हेत. सी-शार्प किंवा जावा घडवणाऱ्यांनी पाथरीची हस्तलिखिते वाचून काही केलेले नाही. साम्य आहे ते अडचणीत आणि ती सोडवण्याच्या रीतीत. न ठरलेल्या गोष्टीबद्दल दुसऱ्याला समजेल असे लिहायचे असेल, तर तिला निःसंदिग्ध नाव द्यावे लागते, मूळ जागेकडे बोट दाखवावे लागते आणि उदाहरण नियमापासून वेगळे ठेवावे लागते. पाचशे वर्षांच्या अंतरावरची माणसे त्याच निष्कर्षाला येतात, कारण अडचण भाषेची आहे, यंत्राची नाही.

सूर्यदासांनी आणखी काय लिहिले?

त्यांचे सर्वांत चकित करणारे पुस्तक गणिताचे नाहीच. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ या छोट्या काव्यातील श्लोक डावीकडून वाचले की रामाची कथा सांगतात आणि तीच अक्षरे उलट क्रमाने वाचली की कृष्णाची. अभ्यासक ख्रिस्तोफर मिंकोवस्की यांनी २००४ मधील आपल्या लेखात या काव्यप्रकाराच्या जन्माचा संबंध सूर्यदासांशी जोडला. अक्षरांची ओळ एकच, पण वाचण्याच्या दिशेनुसार अर्थ बदलतो. एका अक्षराचे दोन अर्थ होऊ शकतात ही गोष्ट टीकेत टाळायची आणि काव्यात मुद्दाम साधायची, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली.

याशिवाय भगवद्गीतेवर ‘परमार्थप्रपा’ ही टीका आणि ‘नृसिंहचंपू’ हे काव्यही त्यांच्या नावावर आहे. ‘सिद्धान्तसंहितासारसमुच्चय’ या ग्रंथात त्यांनी इस्लामी ज्योतिषातील मतांचीही ओळख करून दिली. सुलतानांच्या राज्यात राहणारा पंडित शेजारच्या विद्येकडे पाहत होता, दुसऱ्या भाषेतल्या संकल्पना संस्कृतात मांडत होता, हे यावरून दिसते.

हे सगळे आपल्यापर्यंत कसे पोहोचले?

ग्रंथ टिकायचा तर तो शिकवला जावा लागतो, हे भास्कराचार्यांच्या घरालाही माहीत होते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मठ मागे पडले, राज्ये गेली, पण टीका लिहिल्या जात राहिल्या आणि त्यांच्या आधाराने मूळ ग्रंथ वाचले जात राहिले.

हेन्री थॉमस कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ यांचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले. संस्कृत श्लोक अत्यंत आटोपशीर असल्याने अर्थ लावण्यासाठी त्यांनी ज्या टीकाकारांचा आधार घेतला, त्यांत सूर्यदास होते. त्यांच्या तळटिपांत सूर्यदासांचे नाव येते. युरोपातील वाचकांना भारतीय बीजगणित समजले, त्यात पाथरीत लिहिलेल्या टीपांचा असा वाटा आहे. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या मराठी ग्रंथात या घराण्याची नोंद घेतली. ‘सूर्यप्रकाश’च्या पहिल्या काही प्रकरणांची चिकित्सक आवृत्ती पुष्पा कुमारी जैन यांच्या संपादनाखाली २००१ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या संस्थेने काढली.

आज यातून काय घ्यायचे?

मूळ ग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव मोठे होते आणि टीप लिहिणारा मागे राहतो, हे तेव्हाही खरे होते, आजही आहे. भास्कराचार्य शाळेच्या पुस्तकात आहेत, सूर्यदास नाहीत. सॉफ्टवेअरच्या कार्यालयातही कोड लिहिणाऱ्याची पाठ थोपटली जाते आणि टीप लिहिणे शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. मग लिहिणारा नोकरी सोडून जातो आणि ‘टी’च्या जागी काय चालते, हे मागे उरलेल्यांना अंदाजाने शोधावे लागते.

बीजगणिताच्या बाबतीत असे झाले नाही. ग्रंथ लिहिणारे भास्कराचार्य ११५० चे, त्यावर टीका लिहिणारे सूर्यदास १५३८ चे, आणि त्या टीकेच्या आधारे भाषांतर करणारे कोलब्रुक १८१७ चे. तिघांची कधी भेट होणे शक्य नव्हते. तरीही ‘या’ म्हणजे काय, हे तिसऱ्याला कळले, कारण दुसऱ्याने ते पाथरीत बसून नीट लिहून ठेवले होते.